खुळी नदीवरचा पूल

प्रिय मेहुणेबुवा,

सप्रेम नमस्कार. (हा ‘सप्रेम’ हाताच्या सवयीने पडला आहे, त्यावरून काही अंदाज बांधू नकोस.) तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या ताईकडून कळलं की तू जिना उतरताना मागे वळून कुणाशी तरी बोलत होतास आणि शेवटची पायरी विसरलास. ऐकून वाईट वाटलं, आश्चर्य मात्र वाटलं नाही. नव्या घरात ऊन येतं का? पाणीखात्यातली नोकरी कशी चालली आहे? तू काढलेल्या नळांच्या नकाशात सगळे नळ असतात ना? (हा टोमणा नाही, चौकशी आहे.) इकडे आम्ही ठीक. तुझ्या ताईची पाठ खोकी उचलल्यामुळे दुखत होती, आता खोकी उचलण्याचं कारणच उरलं नसल्यामुळे बरी आहे. माझ्या दाढेचं पुढे ओघात येईल. फोन मी हल्ली जेवणाच्या टेबलावर ठेवतो, त्यावरून आमचं रोज वाजतं. तेवढं सोडलं तर घरात शांतता आहे.

पत्र लिहिण्यास विशेष कारण नाही. ‘काजळदरी’ची सुधारित आवृत्ती निघाली, ती तू पाहिली असशील किंवा पाहिली नाही असं दाखवत असशील, म्हणून चार ओळी खुशालीच्या. पत्र चुकून तुझ्या शेजाऱ्याने उघडलं तर बिचाऱ्याचा गोंधळ नको, म्हणून त्याच्यासाठी थोडक्यात सांगतो. काजळदरी हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आहे. पाचसहा प्रौढ माणसं जमतात. एक जण सूत्रधार होतो आणि बाकीच्यांवर संकटं सोडतो. बाकीचे जादूगार, बुटके, धनुर्धारी वगैरे होतात, वीस बाजूंचा फासा टाकतात आणि संकटातून सुटतात किंवा मरतात. मेले की चहा पितात आणि नवा जादूगार तयार करतात. या सगळ्याला नियमांचं जे जाडजूड पुस्तक लागतं ते मी लिहितो, त्यातला दरीचा नकाशा तू काढायचास, आणि ते पुस्तक खोक्यात भरून, पत्ता घालून, वेळेवर पाठवायचं काम तुझी ताई करते. म्हणजे धंदा ती करते आणि आपण दोघं वाद घालायचो.

आवृत्ती सुधारावी ही माझी हौस नव्हती, हे तुला माहीत आहे. चाहतेमंडळच वर्षानुवर्षं मागे लागलं होतं. एका पशुवैद्यांनी घोडा किती चढाला दमतो यावर असं काही लांबलचक टिपण पाठवलं की वाचून मीच दमलो. भुताच्या पाठीत वार करता येतो का, यावर मंडळात दोन तट पडले होते (एका तटाचं म्हणणं, भुताला पाठ नसते, दुसऱ्याचं म्हणणं, मग ते भिंतीला टेकून कसं बसतं). चेटकिणीला थंडी वाजते का, बुटक्याने उंच माणसाचं चिलखत घातलं तर उरलेल्या भागाचं काय करायचं, अशी पत्रं रोज. मी सगळ्याचा शांतपणे निकाल लावला. घोड्याला विश्रांती दिली, भुताची पाठ काढून घेतली आणि चेटकिणीला शाल दिली. यातल्या एकाही बदलाबद्दल कुणी हूं की चूं केलं नाही. आणि एक बदल मी न मागता केला. पूल घातला.

शेजारीबुवा, पूल समजायला थोडं मागे जावं लागेल. पहिल्या आवृत्तीच्या तिसऱ्या प्रकरणात मी स्वच्छ लिहिलं होतं की राजाचं सैन्य सहा कमानींच्या पुलावरून खुळी नदी ओलांडून आलं. आमच्या मेहुण्यांनी नकाशा काढला. काय सुंदर काढला! प्रत्येक झाडाला सावली, प्रत्येक बुरुजाला खिडकी, दलदलीत रुतलेली एक गाय, जी कुणी मागितली नव्हती. खुळी नदी तर अशी काढली की कागद ओला वाटावा. फक्त पूल काढला नाही. विसरले. पुस्तक छापून, बांधून, वाटून झालं, आणि चाहत्यांच्या पहिल्याच मेळाव्यात गणिताच्या बाई (शाळेत गणित शिकवतात आणि खेळात दरोडे घालतात) उठून म्हणाल्या, “पूल दिसत नाही. मग सैन्य आलं कुठून?”

सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तुझ्या एका हातात चहा, दुसऱ्यात बिस्किट. तू म्हणालास, “राजाने नदी ओलांडली आणि मागचा पूल पाडला. आता तिथे नावाडी आहे.” बाई म्हणाल्या, “भाडं काय?” तू बिस्किट चहात बुडवलंस, ते तुटून तळाला गेलं, तू कपात बघत म्हणालास, “आजवर कुणाला न सांगितलेली एक खरी गोष्ट.” आणि वर, कुणी विचारलेलं नसताना, “अर्धवट सांगितली तर नदीच्या मध्यापर्यंतच.” हे असं झालं. चूक लपवायला केलेली थाप होती ती. बिस्किट जरा टणक असतं तर एवढी लांबली नसती. मी ती मुकाट्याने शुद्धिपत्रात घातली, कारण पुस्तकं परत मागवण्यापेक्षा थाप छापणं सोपं होतं, आणि पुढे प्रत्येक मेळाव्यात नावाडी म्हणून तुलाच बसवायला लागले. तू टोपी डोळ्यांवर ओढून बसायचास आणि तोंडातून अक्षर काढायचा नाहीस. घरी मात्र बोलायचास.

तू घर सोडून गेलास त्या दिवशी जेवताना मी जे बोललो ते छापखानेवाल्यांसमोर बोललो, हे मला मान्य आहे. पण विषय त्यांनीच काढला होता. नवा नकाशा कधी देता, असं त्यांनी विचारलं, तू म्हणालास की नदीचं पाणी अजून जमत नाही, आणि मी म्हणालो की ज्याला नदी काढताना पूल आठवत नाही त्याने नळ काढावेत. यात रागावण्यासारखं काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही. आणि तू सरळ उठून पाणीखात्यात नळ काढायला गेलास, यात माझा दोष कमी आणि तुझा आज्ञाधारकपणा जास्त. इतकं माझं आजवर कुणीच ऐकलेलं नाही. (तुझी ताई हे वाचून ‘पुढे लिहा’ म्हणते आहे. ती माझ्या मागेच खुर्ची टाकून बसली आहे आणि विरामचिन्हांवर लक्ष ठेवून आहे.)

तर नवा नकाशावाला शोधणं आलं. मिळाले ते गृहस्थ लोकांची स्वयंपाकघरं आखून देतात. अत्यंत सभ्य, वेळेचे पक्के, सगळं काम संगणकावर. त्यांना दरी म्हणजे काय ते समजावून सांगितलं, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला की सांडपाणी कुठून बाहेर काढायचं. मी म्हटलं, खुळी नदीतून. त्यांचं समाधान झालं. नकाशा आला तेव्हा डोंगर कपाटाच्या मुठींसारखे एका रांगेत होते, अरण्य कोपऱ्यात नीट बसवलेलं होतं, आणि राजवाड्याचं दार उघडलं तर ते समोरच्या बुरुजाला आपटणार नाही याची काळजी घेतलेली होती. गाय काढून टाकली होती (जागा अडते म्हणून). शेवटी त्यांनी विचारलं, “पूल कुठे टाकायचा?” मी नदीवर बोट ठेवलं. त्यांनी बोटाखाली पूल ठेवला. मग मी पूर्ण नकाशा नेहमीप्रमाणे नजरेखालून घातला, म्हणजे उलगडला, ‘वा’ म्हटलं आणि घडी घातली. छापखान्यात गेला.

पुस्तकं घरी आली. बाहेरच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत खोकीच खोकी, आम्ही दोघं आडवे होऊन चालतो. पहिला गठ्ठा चाहत्यांना गेला आणि फोन सुरू झाले. तुझी ताई म्हणते तिने एवढे फोन लग्न ठरल्यावरसुद्धा पाहिले नव्हते, आणि तेव्हा निदान काही जण अभिनंदन करत होते. मी ठरवलं, घराबाहेर पडावं, त्यात दाढही ठणकत होती, म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. इथे माझी चूक झाली, कारण आपले दातांचे डॉक्टर हेच चाहतेमंडळाचे अध्यक्ष आहेत, हे वेदनेच्या भरात माझ्या ध्यानात राहिलं नाही.

त्यांनी मला खुर्चीत निजवलं, तोंडात कापसाचे बोळे भरले, वर दिवा आणला, दोन्ही हात आणि एक हत्यार आत घातलं आणि अगदी हळुवार आवाजात म्हणाले, “पूल का घातलात?” मी घशातून काहीतरी आवाज केला. ते म्हणाले, “तेच तर! तुमच्याकडे उत्तरच नाही.” मग दाढ कोरता कोरता त्यांनी मला सांगितलं की मंडळात नावाड्यासाठी लोकांनी गाणी केली आहेत, त्याच्या होडीची लाकडी प्रतिकृती एकाने बनवली आहे, आणि माणसं महिनाभर ठरवत असतात की या वेळी भाड्याला काय द्यायचं. नियमाप्रमाणे गोष्ट आपल्या पात्राची सांगायची असते. पण जादूगाराची म्हणून सुरू केलेली गोष्ट दोन वाक्यांत माणसाची होते, आणि टेबलावर सगळे जण ती जादूगाराचीच आहे असं धरून चालतात. “असं ठिकाण मला दुसरीकडे दाखवा,” ते म्हणाले. माझ्या तोंडात त्यांची मूठ होती, त्यामुळे मी दाखवू शकलो नाही. उठताना त्यांनी बजावलं, “तास दोन तास काही चावू नका. आणि मेळाव्याला या.”

मेळावा टायरच्या दुकानावरच्या सभागृहात होता. पोचायला जरा उशीर झाला (रस्ते हल्ली वेगळ्याच बाजूंना वळवून ठेवले आहेत, शेवटी तुझ्या ताईने पत्ता आपल्या हातात घेतला). रबराच्या वासात टेबलं मांडून मंडळी बसली होती आणि मी आत शिरताच सगळ्यांनी फासे असे आवरले की जणू मीच तो सैन्यासकट आलेला राजा. मला मधल्या टेबलाशी बसवलं. तिथे ते घड्याळं दुरुस्त करणारे आणि त्यांची मुलगी होती, तुला आठवत असतील. ते बुटका खेळतात, ती धनुर्धारी. घरी दोघं एकमेकांशी फारसं बोलत नाहीत, खेळताना एकमेकांचे प्राण वाचवतात. मागे एकदा तू नावाडी असताना धनुर्धारीने भाडं म्हणून सांगितलं होतं (पुढे तिने ते आपणहून सगळ्यांना सांगितलं, म्हणून लिहितो) की मला धनुष्य कधीच आवडलं नाही, घराण्यात आहे म्हणून धरते. ती तेव्हा वडिलांच्या दुकानात घड्याळं उघडायला बसायची. बुटका बराच वेळ दाढी कुरवाळत राहिला (गृहस्थांना दाढी नाही) आणि म्हणाला, “बुटक्याला ठाऊक होतं. तू कधी सांगतेस याची बुटका वाट बघत होता.” पुढच्या महिन्यापासून ती दुकानात दिसली नाही. आता कुठेतरी जहाजांवर काम शिकते आहे आणि मेळाव्याला मात्र न चुकता येते.

तर ते दोघं खुळी नदीशी आले. सूत्रधाराने माझ्या पुस्तकातून वाचलं, “समोर सहा कमानींचा भक्कम पूल आहे.” बुटका म्हणाला, “बरं. मग जाऊ.” धनुर्धारी म्हणाली, “जाऊ.” झालं, ओलांडली नदी. फासासुद्धा टाकावा लागला नाही. मुलगी फाशाकडे बघत म्हणाली, “मला आज नावाड्याशी बोलायचं होतं.” तिचे वडील माझ्याकडे बघायला लागले. बुटक्याने कसं बघावं यावर माझे पानभर नियम आहेत, त्यात हे बघणं नव्हतं.

एवढ्यात गणिताच्या बाई पलीकडच्या टेबलावरून नकाशा आणि पट्टी घेऊन आल्या. “ओलांडलात ना पूल? उतरलात कुठे?” त्यांनी पट्टी ठेवली. स्वयंपाकघरवाल्या गृहस्थांनी नदीला जिथे मोठा वळसा दिला होता, नेमकं तिथेच मी बोट ठेवलं होतं. पूल अलीकडच्या काठावरून निघत होता, पूर्ण वळशावरून डौलात जात होता आणि पुन्हा अलीकडच्याच काठावर उतरत होता. बाई म्हणाल्या, “सहा कमानी आणि एवढा दगड खर्चून माणूस जिथे होता तिथेच.” क्षणभर सगळे नकाशावर वाकले, आणि मग सभागृहात जो गलका झाला तो तू तुझ्या पाणीखात्यात ऐकला कसा नाहीस, कोण जाणे. “म्हणजे अजून कुणीच पलीकडे गेलेलं नाही!” मी प्रसंगावधान राखून म्हणालो, “मुद्दाम.” डॉक्टर म्हणाले, “मुद्दाम कशासाठी?” मी म्हणालो, ते पुढच्या पुरवणीत येईल. सगळे हसले. तुझी ताई सगळ्यात मोठ्याने.

मग नावाडी हवा होता. मलाच टोपी घातली. मुलीने जे सांगायचं ते सांगितलं, आणि ते मी इथे लिहीत नाही, कारण नावाड्याला दिलेलं नावाड्यापाशी राहतं, हा नियम तू केलास आणि तो बरा आहे. पण मेहुणेबुवा, नावाड्याने गप्प बसायचं असतं आणि ते काम मला जमलं नाही. तिचं ऐकून मी दोन सूचना केल्या. होडी डगमगते आहे असं डॉक्टर ओरडले. बुटक्याने माझी टोपी काढून घेतली.

चहाच्या वेळी मंडळाने निकाल दिला. पूल गेला पाहिजे, आणि नुसता खोडून नव्हे. खुळी नदी जुन्या हाताची हवी. तोवर मंडळ जुन्याच आवृत्तीवर खेळेल, नव्याची एकही प्रत कुणी घेणार नाही, आणि तुमची नवी दरी तुम्ही दोघं आडवे होऊन चालत खेळा (हे खोक्यांचं त्यांना तुझ्या ताईने सांगितलेलं दिसतं). मी म्हटलं, जुना हात सरकारी कामात आहे. डॉक्टर म्हणाले, “त्याला विचारलंत का?” मी म्हटलं, विचारण्याचा प्रश्नच येत नाही. बाई म्हणाल्या, “प्रश्न आम्ही आणतो, तुम्ही फक्त विचारा.” असो. मी काही विचारत नाही. झाली हकिकत कळवली, एवढंच.

बाकी क्षेम. गुडघ्याला शेक दे, जिन्यात बोलू नकोस. तुझ्या शेजाऱ्यांना नमस्कार, त्यांनी इथवर वाचलं असेल तर जास्तच. लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. तो आहे का, ते तू कळव.

तुझा,
(पुढचं विशेषण तूच घाल)
मेहुणा

ता. क. खोकी उघडून प्रत्येक नकाशावर नदीच्या जागी एक कागदी पट्टी चिकटवली तर पुस्तकं वाचतील, असं तुझ्या ताईचं मत. चिकटवायला ती तयार आहे. पट्टीवर नदी कुणीतरी काढावी लागेल. वळसा, पाडलेल्या पुलाचे दोन खांब, होडी. एका बैठकीचं काम आहे. जागा उरली तर गाय.

दुसरा ता. क. तुझा दिवा आणि टाकांचा डबा खिडकीशी होते तिथेच आहेत. खुर्चीवर खोकी ठेवलेली नाहीत. घरात तेवढी एकच जागा रिकामी आहे, त्यामुळे बसताना अडचण होणार नाही.

तिसरा ता. क. नियम म्हणजे नियम. पलीकडे यायचं तर भाडं द्यावं लागतं आणि इथे येणारा मी आहे, म्हणून देतो: मला नकाशा वाचता येत नाही. पूर्वीही येत नव्हता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

(कंसातलं अक्षर ताईचं आहे. सांगितलं नाही हे खरं, पण माहीत सगळ्यांना आहे. लग्नानंतर यांनी मला पहिल्यांदा समुद्र दाखवायला नेलं, तेव्हा आम्ही संध्याकाळी डोंगरावर पोचलो होतो. गणिताच्या बाईंना आत्ताच फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, हे अर्धं भाडं, नदीच्या मध्यापर्यंतच चालेल. यांना तिथे सोडून मी चहा टाकायला जाते. तू ये.)

चौथा ता. क., नदीच्या मध्यावरून. ती आत गेली आहे तोवर लिहितो. पूल मी नकाशा दुरुस्त करायला घातला नव्हता. छापलेला पूल पाहिलास की तू भडकशील आणि फोन करशील, असा माझा हिशेब होता. सगळ्यांनी केला, तू सोडून.